भाव पडला की पाडला?

डिसेंबर 2023 च्या दुसऱ्या आठवड्यात मी एका बातमीला मथळा दिला होता, ‘निर्यातबंदीनंतर कांद्याचे भाव पडले’. चार शब्द, त्यात चूक एकही नाही. संध्याकाळी आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे आणि त्यातल्या दोन एकरांत तेव्हा लाल कांदा होता. माझ्या बातम्या ते मोबाइलवर न चुकता वाचतात, पण त्यावर सहसा काही बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “तू लिहिलंय ते खोटं नाही पोरी. पण भाव पडला नाही. पाडला.”

फोन ठेवल्यावर मी मथळा पुन्हा वाचला. ‘पडला’ आणि ‘पाडला’. एका कान्याचा फरक. एवढ्याशा कान्यानं वाक्यात एक माणूस येऊन उभा राहतो. झाड पडलं म्हटलं की आपण वाऱ्याकडे बघतो. झाड पाडलं म्हटलं की कुऱ्हाड कुणाच्या हातात होती, ते विचारतो.

मी अर्थविषयक बातम्यांचं मराठी करते. पुण्यातल्या एका बातम्यांच्या ॲपमध्ये हे माझं काम. इंग्रजीतून आलेली बातमी वाचायची, समजून घ्यायची आणि पीएमटीत उभ्याउभ्या मोबाइल बघणाऱ्या माणसाला कळेल अशी लिहायची. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात, पुढे बी.कॉम. पहिल्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं पतधोरण आलं आणि मला घाम फुटला. सुटे सुटे शब्द ओळखीचे, एकत्र वाचले की परके. ‘विथड्रॉवल ऑफ अकोमोडेशन’ हे वाचून मला वाटलं होतं, कुणाची तरी राहायची सोय काढून घेतलीय. होस्टेलवर राहिलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार? खरा अर्थ असा की, बाजारात स्वस्त आणि मुबलक पैसा खेळता ठेवला होता, तो आता हळूहळू आवरता घेणार.

मग मी दोनशे पानी वही आणली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. वही भरत गेली तसं मला अर्थकारण कळायला लागलं. आधी भीतीदायक वाटणारी वाक्यं सोपी झाली. पण त्याबरोबर एक प्रश्न सोबतीला आला, तो अजून सुटलेला नाही. जे शब्द शिकल्यामुळे मला जग जास्त कळायला लागलं, त्याच शब्दांमुळे त्या जगातली माणसं मला कमी दिसायला लागली का? आणि तसं असेल तर दोष कुणाचा, शब्दांचा की माझा?

वहीतला पहिला शब्द ‘इन्फ्लेशन’. लॅटिनमधल्या फुंकून फुगवण्याच्या क्रियापदावरून तो आलाय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजीत तो मुख्यतः चलनाबद्दल वापरत. नोटा फार झाल्या, चलन फुगलं, आणि त्याचा परिणाम म्हणून किमती वाढल्या. विसाव्या शतकात हळूहळू कारणाचं नाव परिणामाला चिकटलं, आणि आज इन्फ्लेशन म्हणजे किमतींची वाढ. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘चलनवाढ’ हा शब्द त्या जुन्या अर्थाची खूण जपून आहे. घरात मात्र चलनवाढ कुणी म्हणत नाही. घरात म्हणतात महागाई. चलनवाढ हा फळ्यावरचा शब्द, महागाई हा पिशवीतला.

आणि या दोन शब्दांच्या मधल्या जागेत फार घोटाळे होतात. समजा, मिसळ गेल्या वर्षी 80 रुपयांना होती, यंदा 88 ला झाली. महागाईचा दर 10 टक्के. पुढच्या वर्षी ती 90 ला गेली, तर दर सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. पेपरात मथळा येतो, ‘महागाई घटली’. वाचणारा हॉटेलात जातो तर मिसळ 90 ला! त्याला वाटतं सरकार खोटं बोलतंय, नाहीतर पेपर. कुणीच खोटं बोललेलं नसतं. वाढीचा वेग कमी झाला, वाढ तशीच राहिली. इंग्रजीत याला ‘डिसइन्फ्लेशन’ म्हणतात आणि किमती खरोखर खाली येण्याला ‘डिफ्लेशन’. दोन वेगळ्या अवस्था, दोन वेगळे शब्द. मराठीत आम्ही दोन्हीकडे ‘महागाई घटली’ लिहून मोकळे होतो. इथे इंग्रजी शब्द शिकणं म्हणजे डोळ्यांवरचा चष्मा पुसण्यासारखं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती पुढच्या पानांवर.

तिथे प्राणी आहेत. व्याजदर चढे ठेवावेत असं म्हणणारा ‘हॉक’, म्हणजे ससाणा. दर उतरवावेत म्हणणारा ‘डव्ह’, म्हणजे पारवा. एप्रिल 2024 मध्ये गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी महागाईला हत्ती केलं. हत्ती फिरायला बाहेर पडलाय, जंगलाकडे परततोय असं दिसतं, आणि त्यानं तिथेच टिकून राहावं अशी आमची इच्छा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याचा घोडा झाला, तबेल्यात आणलेला. मग हवामान आहे : अर्थव्यवस्था तापते, थंडावते, उलट्या दिशेचे वारे वाहतात. मग जहाज आणि विमान : लोकांच्या अपेक्षांना ‘अँकर’ म्हणजे नांगर घालायचा, आणि सगळं सुरळीत झालं तर ‘सॉफ्ट लँडिंग’. प्राणी, ऋतू, वाहनं सगळं आहे. नाहीत ती माणसं. त्या विमानात बसलंय कोण?

आकड्यांचेही असेच शब्द. ‘बेसिस पॉइंट’ म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग. 4 मे 2022 रोजी रिझर्व्ह बँकेनं वेळापत्रकात नसलेली बैठक घेऊन रेपो दर 40 बेसिस पॉइंटांनी वाढवला, 4 वरून 4.40 टक्के. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर गेला. एकूण 250 बेसिस पॉइंट. ऐकायला धुळीच्या कणांसारखं वाटतं. आता तीस लाखांचं, वीस वर्षांचं गृहकर्ज घ्या. व्याज साडेसहावरून नऊ टक्के झालं तर हप्ता सुमारे 22,400 वरून 27,000 वर जातो. महिन्याला साडेचार हजारांवर रुपये. बेसिस पॉइंट हा शब्द चुकीचा मुळीच नाही. तो इतका बारीक आहे की त्यात साडेचार हजार रुपये मावतील असं वाटत नाही, एवढंच.

पण मला खरा अडवला तो कांद्यानं.

महागाई मोजताना ‘हेडलाइन’ आणि ‘कोअर’ असा भेद करतात. हेडलाइन म्हणजे सगळ्या वस्तू धरून येणारा दर. त्यातून अन्न आणि इंधन वगळलं की उरतो तो कोअर, म्हणजे गाभा. कारण असं की भाजीपाला आणि तेल यांचे भाव पावसापाण्यानं, युद्धानं उसळतात आणि बसतात. त्यामागे व्याजदर पळवण्यात अर्थ नाही. रेपो दर वाढवून टोमॅटो पिकत नाहीत. तेव्हा धोरण ठरवणाऱ्यांनी अशा उसळीच्या ‘आरपार बघावं’, इंग्रजीत ‘लुक थ्रू’ करावं. युक्तिवाद चोख आहे. फक्त 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा 45.86 टक्के होता. म्हणजे घरखर्चातला जवळजवळ निम्मा भाग काढून ठेवायचा आणि जे उरेल त्याला गाभा म्हणायचं. आमच्या आजीला सांगितलं असतं की भाकरी सोडून बाकी सगळा संसाराचा गाभा, तर ती हसली असती.

टोमॅटो, कांदा आणि बटाटा या तिघांना रिझर्व्ह बँकेच्या लेखनात इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘टॉप’ म्हणतात. त्या निर्देशांकात तिघांचा मिळून वाटा 2.2 टक्के होता, पण त्यांची उसळी अख्ख्या आकड्याला हलवायची. जुलै 2023 मध्ये टोमॅटो भडकले आणि महागाईचा दर 7.44 टक्क्यांवर गेला. तो आकडा 14 ऑगस्टला आला. 19 ऑगस्टला सरकारनं कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं. व्यापाऱ्यांनी विरोध म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव थांबवले. 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी आली, ती 4 मे 2024 ला उठली. पतधोरणाच्या भाषेत अशा पावलांना ‘सप्लाय-साइड मेझर्स’ म्हणतात. मी वहीत लिहिलं होतं : पुरवठ्याच्या बाजूनं केलेले उपाय.

उपाय. रोगावर करतात तो. त्या डिसेंबरात आमच्या खळ्यावर तो उपाय पोचला तेव्हा लाल कांदा काढणीला आला होता. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो, भाव नसेल तर थांबता येतं. लाल कांद्याला थांबता येत नाही. काढला की विकायचा, नाहीतर सडू द्यायचा. आप्पांनी विकला. किती तोटा झाला ते त्यांनी मला सांगितलं नाही. आईनं सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

‘उपाय’ हा शब्द मी बातमीत वापरला होता. मला तेव्हा तो टोचला नव्हता.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की ही गोष्ट साधी आहे : थंड भाषा वाईट, आप्पांची भाषा खरी. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. मग एका रविवारी आमच्या फ्लॅटवर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींशी बोलणं झालं. त्या चार घरी पोळ्या करतात. कांदा महाग झाला की काय करता, असं मी सहज विचारलं. म्हणाल्या, “काय करणार ताई? तुमच्या भाजीत घालते, आमच्या भाजीत नाही घालत.”

माझ्या पोटात कालवलं. निर्यातबंदीमुळे आप्पांच्या हातातून जे गेलं, त्यातलं काही, थोडंसं का होईना, मावशींच्या कढईत पडलं असणार. मला दोघंही जवळचे. पण आप्पांकडे माझा नंबर आहे. मावशी मला फोन करणार नाहीत, आणि माझ्या बातमीला ‘पाडला नाही, उतरवला’ असं त्या सुचवणार नाहीत. ज्याचा फोन येतो त्याचं दुःख मोठं, एवढ्यावर न्याय ठरला तर ज्याच्या ओळखीचं कुणी बातम्या लिहीत नाही त्याचं काय?

इथे मला थंड भाषेची बाजू कळली. निर्देशांक म्हणजे जे फोन करत नाहीत त्यांचीही मोजणी. ‘2.2 टक्के’ म्हणताना त्यात आप्पा दिसत नाहीत हे खरं, पण मावशी निदान मोजल्या जातात. डॉक्टर ऑपरेशनच्या टेबलाशी ‘बिचारी’ म्हणत बसला तर त्याचा हात थरथरेल. तिथे त्याला ‘पेशंट’ हा शब्द लागतो. कोट्यवधी माणसांच्या पोटाशी संबंध असलेला निर्णय घेताना चार माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर आणले, तर ते बहुधा आपल्या ओळखीचेच चेहरे असतील.

आणि कोरडी भाषा म्हणजे कोरडं मन असंही नाही. 1923 साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं, लेखक डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सुवर्ण परिमाण, सुवर्ण विनिमय परिमाण, टांकसाळ, हुंडणावळ अशा शब्दांनी ते भरलेलं आहे. केन्स यांनी 1913 च्या पुस्तकात ज्या सुवर्ण विनिमय परिमाणाचं समर्थन केलं होतं, त्यावर त्यात कडक टीका आहे. त्या काळी एक लाडका युक्तिवाद होता : रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, म्हणजे देशाचा फायदा. आंबेडकरांचा मुद्दा असा की हा फायदा आकाशातून पडत नाही. किमती आधी वाढतात, मजुरी मागून आणि कमी वाढते. तेव्हा एका वर्गाचा लाभ दुसऱ्या वर्गाच्या खिशातून येतो. हे शोधायला त्यांना ती अवघड परिभाषाच उपयोगी पडली. नुसत्या ‘महागाई फार झाली’ या वाक्यानं हा हिशेब लागला नसता. परिभाषा माणसाला झाकते आणि तीच त्याला हुडकूनही काढते. वापरणारा काय शोधतोय, यावर ते ठरतं.

मग माझा प्रश्न जरा वेगळा झाला. शब्द थंड आहे का, हे मी विचारायचं सोडलं. या शब्दानं काय ठरवलं गेलं आणि ते ठरवणारा कुठे गेला, हे विचारायला लागले.

त्या दृष्टीनं वहीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा शब्द आहे ‘सॅक्रिफाइस रेशो’. महागाईचा दर एका टक्क्यानं खाली आणण्यासाठी किती उत्पादन किंवा किती रोजगार गमवावा लागेल, याचं हे गुणोत्तर. मराठी करताना मी अडले. सॅक्रिफाइसला मराठीत दोन शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. त्याग आणि बळी. त्याग माणूस स्वतःच्या वस्तूचा करतो. बळी दुसऱ्याचा देतात. इंग्रजीत हे दोन्ही एकाच शब्दाच्या पोटात शांतपणे राहतात. मराठीत मला निवडावं लागतं. ‘त्याग गुणोत्तर’ लिहिलं की वाटतं समाजानं काहीतरी उदात्त केलं. ‘बळी गुणोत्तर’ लिहिलं की संपादक फोन करेल.

पॉल व्होल्कर ऑगस्ट 1979 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. महागाई 1980 च्या सुरुवातीला 14 टक्क्यांच्या वर होती. त्यांनी व्याजदर असे चढवले की घरबांधणी ठप्प झाली, आणि 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर गेली. महागाई मोडली. बांधकाम व्यावसायिकांनी न विकलेल्या घरांच्या लाकडाचे तुकडे त्यांना टपालानं पाठवले, कर्जात बुडालेले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बँकेच्या इमारतीवर गेले. पुढच्या दोन दशकांची स्थिरता त्या कडू औषधामुळे मिळाली, असं मानणारे बरेच आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण नोकरी गेलेल्या माणसानं तो त्याग केला नव्हता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तत्त्वज्ञानात एक जुना भेद आहे. थॉमस अक्विनासपर्यंत त्याचं मूळ नेतात. चांगल्या कामाचा वाईट परिणाम आपल्याला आधीच दिसत असेल, तरी तो आपल्याला नको असेल, तर ते एक. आणि वाईट गोष्ट हेच आपलं साधन असेल, तर ते दुसरं. कॅन्सरच्या औषधानं केस गळतात. नाही गळले तर डॉक्टरला आनंदच होईल, उपचार फसणार नाही. व्याजदरवाढीचं कसं आहे? बेकारी न वाढता महागाई उतरली तर कुणाही गव्हर्नरला आनंदच होईल, आणि तसं घडलंही आहे. अमेरिकेत जून 2022 मध्ये 9.1 टक्के असलेली महागाई पुढच्या दोन वर्षांत 3 टक्क्यांच्या आसपास आली, आणि बेकारी चार टक्क्यांच्या फार पुढे गेली नाही. तेव्हा बेकारी हेच साधन, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण कुणीच खरेदी पुढे ढकलली नाही, कुणीच घराचा विचार सोडला नाही, कुठल्याच कारखानदारानं भरती थांबवली नाही, तर व्याजदरवाढ काम कशी करणार? कुणीतरी हात आखडल्याशिवाय हे औषध लागू पडत नाही. आणि सगळ्यांचे हात सारखे आखडत नाहीत. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याला मुदत ठेवीवर जास्त व्याज मिळतं.

मग हे सरळ का सांगत नाहीत? इथे प्रश्न आणखी अडचणीचा होतो. या क्षेत्रात शब्द नुसतं वर्णन करत नाहीत, ते काम करतात. 26 जुलै 2012 ला लंडनमध्ये मारिओ द्रागी यांनी युरो वाचवण्यासाठी वाटेल ते करू, असं सांगितलं आणि युरोपातल्या संकटाचं वळण बदललं. त्यापाठोपाठ जाहीर झालेली रोखे खरेदीची योजना प्रत्यक्षात वापरावीच लागली नाही. उलटही खरं आहे. उद्या गव्हर्नर म्हणाले की आम्हाला महागाई आवरेलसं वाटत नाही, तर दुकानदार आजच भाव वाढवेल. म्हणून त्यांना तोलून बोलावं लागतं. घरात कर्ता माणूस आजारी असताना मुलांसमोर आपण जसं बोलतो, तसं.

पण लोक म्हणजे मुलं नव्हेत. तोलून बोलणं आणि झाकून बोलणं यांच्यात रेघ कुठे ओढायची? मला दोन उदाहरणं उपयोगी पडतात, दोन्ही एकाच माणसाची. 2021 मध्ये जेरोम पॉवेल आणि त्यांचे सहकारी महागाईला ‘ट्रान्झिटरी’ म्हणजे तात्पुरती म्हणत राहिले. ती उतरेना, तेव्हा नोव्हेंबरअखेर त्यांनी हा शब्द निवृत्त करायची वेळ झाल्याचं संसदेपुढे सांगितलं. किती गंमत आहे बघा, अंदाज चुकला आणि निवृत्त झाला शब्द! पुढच्या ऑगस्टमध्ये जॅक्सन होल इथल्या भाषणात त्याच पॉवेल यांनी सांगितलं की दर वाढवल्यामुळे कुटुंबांना आणि व्यवसायांना काही वेदना होतील. या दुसऱ्या भाषणात वेदना म्हटलंय, आणि ती कुणाला होणार तेही म्हटलंय. त्यानं वेदना कमी झाली नाही. पण ज्याला सोसायचंय त्याच्या अस्तित्वाची दखल घेतली गेली. मला वाटतं, रेघ इथेच कुठेतरी आहे.

आपल्याकडेही ही दखल घेण्याची सोय आहे, फक्त ती वाचायला कष्ट पडतात. पतधोरण समितीत सहा सदस्य असतात. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होतं, त्यात प्रत्येकानं कुठल्या बाजूनं मत दिलं आणि का, ते नावानिशी असतं. महागाई सलग तीन तिमाही 2 ते 6 टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर राहिली तर कायद्याच्या भाषेत ते अपयश ठरतं, आणि रिझर्व्ह बँकेला सरकारला कारणं, उपाय आणि मुदत लेखी कळवावी लागते. 2022 मध्ये ती वेळ आली. बँकेनं पत्र लिहिलं, पण ते तेव्हा जाहीर झालं नाही. म्हणजे ‘पडला’ आणि ‘पाडला’ यांच्यातला काना कायद्यानं लिहिला, आणि पाकिटात बंद करून ठेवला.

आप्पांशी माझा याच कान्यावरून वादही झालाय. त्यांच्या दृष्टीनं भाव नेहमीच पाडलेला असतो. ज्या वर्षी सगळ्यांनीच कांदा लावला आणि आवक धो धो झाली, त्या वर्षीही. मी म्हटलं, “आप्पा, या खेपेला खरंच पडला. तुम्हीपण एक एकर वाढवला होता ना?” बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वाढवला. पण कुणी सांगायला पायजे होतं ना, सगळे लावतायत म्हणून.” तेही खरं. पण प्रत्येक पडझडीमागे एक हात शोधायचाच, असं ठरवलं की हात सापडतोच, नसला तरी. मग तो व्यापाऱ्याचा असतो, परक्याचा असतो, शेजारच्या जातीचा असतो. ‘पडला’ म्हणणाऱ्यांची लबाडी मला ओळखीची झालीय. ‘पाडला’ म्हणणाऱ्यांची घाईही आता दिसते.

ऑक्टोबर 2025 चा आकडा आला तेव्हा महागाईचा दर 0.25 टक्के होता, त्या मालिकेतला सगळ्यात कमी. अन्नपदार्थांचा दर उणे 5.02. डिसेंबरात रेपो दर 5.25 वर आणताना गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी या काळाला दुर्मीळ ‘गोल्डिलॉक्स’ काळ म्हटलं. वाढ चांगली, महागाई कमी, सगळं कसं नेमकं. मी वहीत शब्द लिहिला आणि गोष्ट शोधून वाचली. गोल्डिलॉक्स नावाची मुलगी अस्वलांच्या रिकाम्या घरात शिरते. एका वाडग्यातली खीर फार गरम, दुसऱ्यातली फार गार, तिसऱ्यातली अगदी नेमकी. ती नेमकी खीर ती संपवते.

ती खीर घरातल्या सगळ्यात लहान अस्वलाची होती. अर्थशास्त्रानं त्या गोष्टीतून खिरीची चव तेवढी घेतली.

उणे 5.02 चं मराठी करताना माझ्यासमोर मावशी होत्या, त्यांच्या भाजीत आता कांदा पडत असणार. आप्पाही होते. त्यांच्या चाळीतला उन्हाळ कांदा त्या दिवाळीत कुणी विचारत नव्हतं. मथळ्याला आमच्याकडे साठ अक्षरांची मर्यादा आहे. मी मथळा दिला, ‘महागाईचा दर नीचांकी, 0.25 टक्के’. आणि बातमीचं पहिलं वाक्य लिहिलं की भाज्या उतरल्यामुळे घरखर्चाला दिलासा आहे आणि त्याच भाज्या पिकवणाऱ्यांचं उत्पन्न घटलं आहे. दोन्ही एकाच वाक्यात, मधे ‘पण’ नको म्हणून ‘आणि’ ठेवलं. ‘पण’ लिहिलं असतं तर मी एकाची बाजू घेतली असती.

आप्पांचा फोन आला. म्हणाले, “पाव टक्का म्हणजे काही नाहीच की.”

“नाहीच म्हणायचं.”

“मग खत का वाढलं?”

मी त्यांना हेडलाइन आणि कोअर समजावून सांगितलं, मराठीत, इंग्रजी शब्द न वापरता. वीस मिनिटं लागली. त्यांना कळलं. पटलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

वहीत आता मी तिसरा रकाना आखलाय. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, आणि त्यापुढे एकच प्रश्न : कोण? सप्लाय-साइड मेझर्स, कोण करतं आणि कुणावर. अँकर, कुणाच्या अपेक्षांना. सॅक्रिफाइस, कुणाचा. काही ठिकाणी तिथे सरकार लिहिलंय, काही ठिकाणी समिती, काही ठिकाणी पाऊस. एका ठिकाणी ‘मी’ असंही लिहिलंय, ‘उपाय’ या शब्दासमोर. बरेच रकाने रिकामे आहेत. ते भरल्याशिवाय तो शब्द मला आला, असं मी आता म्हणत नाही.